दुसऱ्या राज्यातल्या स्कॉलरशिपची वाट पाहताना

(न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या आईवडिलांसाठी चार शब्द बोला, असं कार्यकारिणीने मला सांगितलं. मी त्या मुलांसाठीही बोलणार आहे. आणि आज जेवणाच्या रांगेत ज्या मावश्या, काका, आजी-आजोबा त्यांना भेटतील, त्यांच्यासाठीही.

या हॉलमधल्या कितीतरी घरांत सध्या एकच अवस्था आहे. पर्ड्यू, मेरीलँड, ओहायो स्टेट, जॉर्जिया टेक, अशा दुसऱ्या राज्यांच्या सरकारी विद्यापीठांपैकी कुठूनतरी प्रवेश मिळालाय. पेढे वाटून झाले, आजोळी व्हिडिओ कॉल झाला. पण वर्षाला किती पैसे भरायचे हे अजून कुणालाच ठाऊक नाही, कारण मेरिट स्कॉलरशिपचं, म्हणजे गुणवत्तेवर मिळणाऱ्या पैशांचं, काही कळलेलं नाही. मूल रात्री झोपण्याआधी विद्यापीठाचं पोर्टल उघडतं, सकाळी उठल्याबरोबर पुन्हा उघडतं. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, पण एक प्रश्न सगळ्यांच्या मनात घोळत असतो: आपलं मूल कुठे कमी पडलं का?

त्याचं उत्तर मी आधीच देऊन टाकते. नाही. आणि मी हे नुसता धीर द्यायला म्हणत नाही. हे पैसे कसे वाटले जातात ते समजून घेतलं की तुम्हालाही तेच दिसेल.

आपल्यातले बरेच जण चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप परीक्षा देत मोठे झालो. सगळ्यांना एकच पेपर, एकच निकाल, शाळेच्या फळ्यावर नावं. पुढे दहावी, बारावी, इंजिनिअरिंगची कट-ऑफ. गुण कळले की बाकीचं जवळजवळ कळल्यासारखंच असायचं. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे गुण कमी, हा हिशोब आपल्या हाडात मुरलाय. दुसऱ्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाला तो लावला की आपण स्वतःलाही छळतो आणि मुलालाही.

या विद्यापीठांकडे त्यांच्या बाजूने बघा. पर्ड्यू इंडियानाच्या रहिवाशांकडून वर्षाला सुमारे १०,००० डॉलर शिकवणी शुल्क घेतं आणि आपल्या न्यू जर्सीच्या मुलाकडून सुमारे २८,८००. तेही त्यांनी २०१३ पासून शुल्क गोठवून ठेवलंय म्हणून. मिशिगनला राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८०,००० च्या घरात जातो. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या शुल्कावर आणखी ३०,००० डॉलरहून जास्त घेतात. या संस्था त्या त्या राज्याच्या करातून उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांचं पहिलं देणं तिथल्या मुलांचं आहे. नॉर्थ कॅरोलिनाने तर चॅपल हिलच्या आपल्या विद्यापीठाला पहिल्या वर्षाच्या बाहेरच्या मुलांवर १८ टक्क्यांची मर्यादाच घालून दिली आहे. मला यात काही अन्याय वाटत नाही. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने आपल्या मुलांना आधी पाहावं अशी आपलीही अपेक्षा असतेच.

मग बाहेरच्या मुलाला स्कॉलरशिप द्यायचीच कशाला? २००८ च्या मंदीनंतर बहुतेक राज्यांनी विद्यापीठांचं अनुदान कमी केलं आणि बाहेरच्या मुलांचं जास्तीचं शुल्क हा मोठा आधार झाला. पण पूर्ण शुल्क सांगितलं तर चांगली मुलं येत नाहीत, म्हणून त्यातली काही रक्कम सोडून द्यायची. २८,८०० मधले १०,००० सोडले तरी विद्यापीठाच्या हाती इंडियानाच्या मुलाच्या जवळपास दुप्पट रक्कम येते. म्हणजे या स्कॉलरशिपमध्ये गुणांचं कौतुक आहे, आणि किती सूट दिली की हे कुटुंब होकार देईल याचा अंदाजही आहे. त्या अंदाजात कुठल्या राज्यातून अर्ज आलाय, कुठल्या विभागात जागा भरायच्या आहेत, यंदाचं बजेट किती आहे, असं सगळं येतं. कॉम्प्युटर सायन्समध्ये मुलं आपणहून रांगा लावतात, तिथे सूट देण्याची विद्यापीठाला गरजच कमी. तुमच्या मुलाला तिथून काही आलं नाही, तर त्याचे गुण जितके होते तितकेच आहेत.

प्रत्येक विद्यापीठाची रीतही वेगळी. अलाबामा विद्यापीठ जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) आणि एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांच्या गुणांनुसार किती रक्कम मिळेल याचा तक्ताच प्रसिद्ध करतं. त्या तक्त्यात बसलात की पैसे नक्की. तिथे निम्म्याहून जास्त विद्यार्थी अलाबामाच्या बाहेरचे आहेत, यात मग नवल काय! मेरीलँडच्या बॅनेकर-की स्कॉलरशिपसाठी १ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज असावा लागतो. चॅपल हिलच्या मोअरहेड-केनसाठी वेगळा अर्ज आणि मुलाखती असतात. ती १९४५ मध्ये ऱ्होड्स स्कॉलरशिपच्या धर्तीवर सुरू झाली आणि फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. टेक्सासच्या कायद्यात एक चांगली सोय आहे: स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली, तर विद्यापीठ बाहेरच्या मुलाला टेक्सासच्या रहिवाशाचा दर लावू शकतं. तिथे हजाराचं पत्र हजाराचं नसतं. ते आलं तर नीट वाचा.

ज्यांच्याकडे आज काहीच आलेलं नाही, त्यांनी पहिल्यांदा एवढंच शोधायचं, की आपण नेमकी कशाची वाट पाहतोय. आपोआप मिळणारी रक्कम बहुधा प्रवेशाच्या पत्राबरोबर किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत कळते. स्पर्धेच्या स्कॉलरशिपच्या मुलाखती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, आणि बोलावणं आलं नसेल तर तो विषय बहुतेक वेळा संपलेला असतो, तसं कोणी कळवलेलं नसलं तरी. विभागाचे आणि ऑनर्स कॉलेजचे (निवडक हुशार मुलांसाठीच्या खास कार्यक्रमाचे) पैसे मात्र उशिरा येतात, काही ठिकाणी एप्रिलमध्येही. नियमित फेरीचे अर्ज वाचून झाल्याशिवाय त्यांना वाटपाला हातच घालता येत नाही.

दरवर्षी एक आशा हमखास ऐकू येते. दुसऱ्या कोणीतरी नकार दिला की ती रक्कम आपल्याकडे येईल. असं होतं, पण फार थोड्या ठिकाणी. बरीच विद्यापीठं हातात आहेत त्याहून जास्त पैशांची पत्रं पाठवतात, कारण अमुक इतकी मुलं नाही म्हणणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. त्या नकारांमधून नवीन पैसा निघत नाही. या आशेवर घराचा हिशोब उभा करू नका.

विचारणं मात्र जरूर करा. मुलाने स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून. बाबांनी नाही. प्रश्न साधे असावेत. माझ्या अर्जाचा मेरिटसाठी विचार पूर्ण झाला आहे का? अजून एखादी फेरी आहे का, आणि ती कधी कळेल? विभागाकडे वेगळा अर्ज करता येतो का? दुसऱ्या विद्यापीठाचं चांगलं पत्र असेल तर ते जोडून, रकमेचा फेरविचार होतो का, असंही नम्रपणे विचारावं. कित्येक सरकारी विद्यापीठं सरळ सांगतात की आमच्याकडे तसं होत नाही. ते उत्तर आलं की सुटलात, आता त्यात अडकून पडायचं कारण नाही.

आणि घरात एक तारीख ठरवा. माझ्या मते एप्रिलचा मधला आठवडा. त्या दिवसापर्यंत लेखी काही आलं नाही तर स्कॉलरशिप शून्य धरायची आणि त्या शून्यावर निर्णय घ्यायचा. मागाहून काही आलं तर आनंदच आहे. हे कठोर वाटेल, पण तुटतात ती घरं वाट पाहत पाहत न परवडणाऱ्या ठिकाणी जागा पक्की करायचं डिपॉझिट भरतात ती.

हिशोब चार वर्षांचा मांडा. रटगर्सचं राज्यातल्या मुलांचं शुल्क साधारण १८,०००. पर्ड्यूने समजा वर्षाला १०,००० सोडले तर तिथलं शुल्कही जवळजवळ तेवढ्यावरच येतं. म्हणजे १०,००० आले तर खरी निवड आहे. नाही आले तर चार वर्षांत ४०,००० डॉलरचा फरक आहे, आणि तो तुमच्या दुसऱ्या मुलाच्या शिक्षणातून येणार की निवृत्तीच्या पैशांतून, हे आत्ताच बोलायला हवं. पत्रातली बारीक अक्षरं वाचा. रक्कम एकदाच आहे की दरवर्षी? किती जीपीए राखायचा? शुल्क वाढलं तर रक्कम वाढते का? बहुतेक ठिकाणी वाढत नाही, पहिल्या वर्षीचे आठ हजार चौथ्या वर्षीही आठच हजार. आणि शुल्क, पुस्तकं सोडून राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या भागावर मुलाला आयकर लागू शकतो, तेही लक्षात असू द्या.

आता मला सगळ्यात जवळच्या विषयाकडे येते. या हॉलमध्ये एच-४ व्हिसावरची, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेली मुलं आहेत. इथेच बालवाडीपासून शिकलेली, बाकीच्यांच्याच वर्गात, बाकीच्यांच्याच गुणांची. त्यांना फॅफ्साचा फॉर्म भरून केंद्र सरकारची मदत मिळत नाही. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या गुणवत्ता स्पर्धेत मात्र इथल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांना आता नागरिकत्वाची अट नाही. वयाच्या २१ व्या वर्षी त्यांचा एच-४ संपतो, म्हणजे बहुतेकांचा कॉलेजच्या मधेच. विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशाने दिलेल्या मेरिट स्कॉलरशिपमध्ये नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट सगळीकडे नसते. काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. म्हणून अशा घरांनी अंदाज न बांधता दोन प्रश्न लेखी विचारावेत: ही रक्कम एच-४ ला लागू आहे का, आणि व्हिसा बदलून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) झाला तर ती तशीच राहील का? दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि तिसऱ्या वर्षी घाबरतात. या मुलांची वाट इतरांपेक्षा जास्त लांब आहे आणि ती त्यांनी निवडलेली नाही. मंडळाने यांच्यासाठी आणखी काही करायला हवं, असं मला फार वाटतं, आणि कार्यकारिणीसमोर मी ते मांडणार आहे.

मुलांनो, आता तुमच्याशी. तुमच्यातल्या एकीने मला विचारलं, “मावशी, पैसे आले नाहीत तर मी आईबाबांना ‘मला तिकडे जायचंच नव्हतं’ असं सांगू का?” नको गं. हवं होतं हे त्यांना कळू दे. घरात पैशाबद्दल मोकळेपणाने बोलणं हे आपल्या लोकांना जड जातं, आणि मग आई म्हणते “तू काळजी करू नकोस,” मूल म्हणतं “मला काही फरक पडत नाही,” आणि दोघंही रात्री जागे. आईबाबांनी आकडा सांगावा: वर्षाला आम्ही इतके देऊ शकतो, यापुढे कर्ज. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तो आकडा पेलतो. आपण समजतो त्याहून ही मुलं कितीतरी समंजस आहेत.

मोठ्यांना एक विनंती. आज कुणालाही “काय झालं स्कॉलरशिपचं?” असं विचारू नका. आपुलकीनेच विचारता हे मला माहीत आहे. पण एका संध्याकाळी तोच प्रश्न दहा जणांकडून ऐकणारा मुलगा पुढच्या कार्यक्रमाला येत नाही. अमक्याच्या मुलीला अलाबामाने किती दिले आणि तमक्याच्या मुलाला मिशिगनने काहीच दिलं नाही, ही तुलना तर करूच नका. त्या दोन विद्यापीठांचे नियमच वेगळे आहेत.

१ मे पाच-सहा आठवड्यांवर आला आहे. बहुतेक विद्यापीठांत डिपॉझिटची तीच तारीख. २०२४ च्या प्रवेशांसाठी फॅफ्साचा फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झाला, सगळंच रखडलं, आणि अनेक विद्यापीठांनी मुदत १५ मे किंवा १ जूनपर्यंत वाढवली. त्यावरून कळतं की खरी अडचण असेल तर मुदतवाढ मागता येते. लेखी मागा, आणि लेखी होकार आल्याशिवाय मिळाली असं धरू नका. तोवर परवडणारी एक जागा हातची सोडू नका.

जेवणानंतर मागच्या लहान खोलीत, गेल्या एक-दोन वर्षांत यातून गेलेले काही पालक आणि त्यांची कॉलेजात असलेली मुलं बसणार आहेत. पत्र बरोबर नसेल तर फोनवर पोर्टल उघडून या. ईमेल कसा लिहायचा ते तिथेच बसून लिहू. एच-४ च्या घरांनी आधी यावं, त्यांना जास्त वेळ लागेल. धन्यवाद.