रीडिंग जुळली म्हणजे मोजमाप बरोबर आलं का?

नमस्कार! १०० ग्रॅमचं एक प्रमाणित वजन घेऊ आणि ते दोन वेगवेगळ्या काट्यांवर चार-चार वेळा ठेवू.

[स्क्रीनवर: पहिला काटा – १०२.३१, १०२.३०, १०२.३१, १०२.३१]
[दुसरा काटा – ९९.२, १०१.१, १००.३, ९९.४]

पहिल्या काट्यावर चटकन विश्वास बसतो. दशांश चिन्हापुढे दोन आकडे, आणि दर वेळी जवळजवळ तेच. पण तो दर वेळी २.३ ग्रॅम जास्त सांगतोय. दुसऱ्याचे आकडे इकडेतिकडे पळतात, तरी त्यांची सरासरी १०० येते.

रीडिंग एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते झालं प्रिसिजन, म्हणजे नेमकेपणा. ती खऱ्या किमतीच्या किती जवळ आहेत, ती ॲक्युरसी, म्हणजे अचूकता.

हे समजावताना बहुतेक वेळा नेमबाजीच्या वर्तुळांचं चित्र दाखवतात. मला ते अपुरं वाटतं. कारण त्या चित्रात मधला ठिपका आपल्याला दिसत असतो. खऱ्या प्रयोगात तो दिसत नाही! तो माहीत असता तर मोजायला कोण बसलं असतं? आपल्या हातात असतात फक्त रीडिंग. ती जुळली की वाटतं, जमलं.

हबल दुर्बिणीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. पृष्ठभाग इतक्या काळजीने घासलेला, की ठरवलेल्या वक्रापासूनचा फरक नॅनोमीटरमध्ये मोजावा लागावा. पण तो ठरवलेला वक्रच चुकीचा होता. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. त्यामुळे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट झाली. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि फोटो धूसर आले.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही: दुसऱ्या, साध्या उपकरणांनी केलेल्या चाचण्यांत हा दोष दिसला होता. पण मुख्य उपकरण जास्त नेमकं, म्हणून त्याचंच खरं मानलं गेलं.

मात्र त्याच नेमकेपणाने पुढे दुर्बीण वाचवली. आरसा चुकला होता, पण अगदी व्यवस्थित, एकसारखा चुकला होता. म्हणून नेमकी उलटी दुरुस्ती करणारी प्रकाशयंत्रणा बनवता आली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ती बसवली. आपल्या पहिल्या काट्याचंही तसंच आहे. त्याची चूक एकदा कळली की २.३१ वजा करा, आणि तो दुसऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो.

पण चूक कळणार कशी? पुन्हापुन्हा मोजून नाही. शंभर रीडिंगची सरासरी घेतली तर विखुरण्यामुळे येणारी अनिश्चितता दहापट कमी होते. एकाच दिशेने होणारी चूक मात्र जागची हलत नाही. प्रमाणित वजन जवळ असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर वेगळ्याच वाटेने मोजावं लागतं.

रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला. आजच्या एककांत त्यांचं १९१३ चं उत्तर १.५९२ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलॉम. खरी किंमत १.६०२. फरक एक टक्क्याहून कमी, पण त्यांनी स्वतः दिलेल्या त्रुटीच्या मर्यादेपेक्षा बराच जास्त. थेंब त्यांनी विलक्षण काळजीने मोजले होते. गणितात वापरलेली हवेची व्हिस्कॉसिटी, म्हणजे हवा थेंबाला किती अडवते तो आकडा, किंचित कमी होता. हे उघड झालं ते थेंबांवरून नाही. क्ष-किरण आणि स्फटिकांच्या मोजमापांतून हाच प्रभार काढला, तेव्हा उत्तर जुळेना. मग १९३० च्या दशकात व्हिस्कॉसिटी नव्याने मोजली गेली, आणि ती घालून पाहिल्यावर थेंबांचं उत्तरही १.६०२ च्या जवळ सरकलं.