हळू म्हणजे नेमकं कसं?

(पडद्यावर: छापील स्वरलिपीचं पहिलं पान. पियानो अजून शांत.)

दोनच पानांची रचना. फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसीच्या 'प्रेल्यूद' या पियानोसाठीच्या छोट्या रचनांच्या पहिल्या खंडातली आठवी, १९१० साली पॅरिसमध्ये छापलेली. नाव, 'ला फीय ओ शव्हो द लँ'. जवसाच्या धाग्यांसारखे केस असलेली मुलगी.

पोलिश संगीतकार शोपॅन अर्धं आयुष्य पॅरिसमध्ये राहिला, तरी वादकासाठीच्या सूचना त्यानं इटालियनमध्येच लिहिल्या. ते शब्द वापरून वापरून परिभाषा झाले होते. देब्युसीनं लिहिलं ते घरच्या फ्रेंचमध्ये. आणि घरचे शब्द काटेकोर थोडेच असतात?

सुरुवातीलाच बघा: 'अतिशय शांत आणि दूसमाँ भावपूर्ण.' हे 'दूसमाँ' म्हणजे आपलं 'हळू'. पळणाऱ्या पोराला म्हणतो ते हळू, की बाळ झोपलंय म्हणून कुजबुजतो ते हळू? फ्रेंच माणूस दोन्हीकडे हाच शब्द वापरतो. पण आवाज लहान ठेवायची खूण खाली वेगळी छापलेली आहे. गतीचा आकडाही दिलाय, मिनिटाला ६६ ठोके. मग उरतो तो हळुवारपणा, बोटांचा.

(पियानो: पहिली ओळ, साथीशिवाय.)

६६चा आकडा आहे खरा, पण सुरांलगतच सूचना येते: 'साँ रिगर'. काटेकोरपणा नको! पुढे १९१५ मध्ये आपल्या प्रकाशकाला त्यानं लिहिलं की मेट्रोनोमचे, म्हणजे ठोके मोजून देणाऱ्या यंत्राचे, आकडे एका मात्राखंडापुरते खरे, गुलाब जसे एका सकाळीपुरते. मग छापायचे कशाला, असं विचारायचा मोह होतोच.

(पडद्यावर: दुसरं पान. एका शब्दावर कॅमेरा स्थिरावतो.)

'सेदे.' फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या पाटीवरही हाच शब्द भेटतो: दुसऱ्याला वाट द्या. इथे गतीनं नमतं घ्यायचं. किती, ते लिहिलेलं नाही. कुठवर, ते मात्र लिहिलंय. शब्दानंतरच्या या दोन तिरप्या रेघा म्हणजे शब्दाची हद्द. घाईत त्या नजरेतून सुटतात आणि वादक पुढेही रेंगाळत राहतो. रेघांपलीकडे 'गतीवर परत' असं आहे. कोणत्या गतीवर? जरा आधी 'थोडं चैतन्यानं' अशी सूचना येऊन गेलीय. बहुतेक वादक सुरुवातीची गती धरतात. मलाही तेच पटतं, कारण लगेच कंसात 'जडपणा नको' असा इशारा आहे. वेग उतरला की बोटं जड होतात, हे देब्युसीला ठाऊक होतं. तो स्वतः पियानोवादक होता.

(पियानो: शेवटाकडचा भाग, अगदी बारीक.)

आता 'कुजबुजत, आणि हळूहळू आवरत'. 'आवरलेलं' नव्हे, 'आवरत'. 'आवरलेलं' असतं तर गती एकदम खाली येऊन तिथेच राहिली असती. 'आवरत' म्हणजे प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा किंचित उशिरा.

आणि अगदी शेवटी एक इटालियन शब्द: 'पेर्देंदो'. हरवत.

(पियानो थांबतो. पेडल सुटल्याचा आवाज.)