प्रत्येक भाषेची शैली तिचीच राहू द्या

मित्रहो, ज्या प्रकल्पात पायथॉन, गो, जावास्क्रिप्ट आणि थोडंफार शेल एकत्र नांदतं, तिथे एक मागणी हमखास पुढे येते: सगळ्या कोडचं इंडेंटेशन (ओळ डावीकडून किती आत सरकवायची ते) सारखं करा, ओळीची लांबी सगळीकडे एकच ठेवा. हेतू चांगला आहे. मागणी मात्र चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायथॉनचं पेप-८ हे २००१ सालचं मार्गदर्शक चार स्पेस आणि ७९ अक्षरांची ओळ सांगतं. कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या टूलला फॉरमॅटर म्हणतात. पायथॉनचा फॉरमॅटर ब्लॅक ८८ अक्षरांपर्यंत जातो, रस्टचा रस्टफम्ट १००पर्यंत. जावास्क्रिप्टचा प्रिटियर काही न सांगता चालवला तर दोन स्पेस घेतो. गोचा गोफम्ट टॅब वापरतो, आणि ते बदलायचं सेटिंगच त्यात नाही. बाहेर गो लिहिणारा माणूस उद्या तुमच्या टीममध्ये आला, तर त्याला तुमची गोची फाइल ओळखीची वाटली पाहिजे. ती शेजारच्या पायथॉनसारखी दिसण्यात त्याचा काहीच फायदा नाही. शिवाय काही ठिकाणी हा आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही. मेकफाइलमधल्या (प्रकल्प बिल्ड करायच्या सूचनांच्या फाइलीतल्या) कमांडच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात, आणि यामल या सेटिंग लिहायच्या फॉरमॅटमध्ये इंडेंटेशनला टॅब चालत नाही. दोघांना एक नियम लावला की एक फाइल मोडणारच.

मग सारखं काय ठेवायचं? भाषेच्या खालचा थर. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८, ओळीचा शेवट एलएफ (लिनक्सवर ओळ संपवणारं न दिसणारं अक्षर), ओळीच्या शेवटी उगाच स्पेस नकोत, फाइलच्या शेवटी एक नवी ओळ. हे सगळं एडिटरकॉन्फिगच्या, म्हणजे एडिटरला असे नियम सांगणाऱ्या, एका छोट्या फाइलीत मावतं. तिथेही स्पेस काढण्याच्या नियमाला मार्कडाउनचा अपवाद करा, कारण त्यात ओळीच्या शेवटच्या दोन स्पेसना अर्थ असतो. ओळीचा शेवट किरकोळ वाटतो, पण विंडोजवर सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालवून पाहा. पहिल्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं, त्या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही, आणि डोळ्यांसमोर असलेली फाइल ‘नाही’ असा एरर येतो. नवशिक्या माणसाचा अख्खा दिवस यात जातो. गिटॲट्रिब्यूट्समध्ये (कोणत्या फाइली कशा हाताळायच्या हे गिटला सांगणाऱ्या फाइलीत) एक ओळ लिहिली की हा त्रास टळतो.

फॉरमॅटिंग म्हणजे नुसती टापटीप, असं मानणाऱ्यांनी ॲपलचा फेब्रुवारी २०१४मधला बग आठवावा. एका ‘इफ’खाली ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. कंस नव्हते, आणि दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या. त्यामुळे दुसरी ओळसुद्धा ‘इफ’मधलीच वाटायची, प्रत्यक्षात ती दर वेळी चालायची आणि सर्व्हरच्या सहीची पडताळणी पूर्ण न होताच कोड पुढे जायचा. क्लँग-फॉरमॅट या सी भाषेच्या फॉरमॅटरने ती दुसरी ओळ आपोआप डावीकडे आणली असती. फॉरमॅटरला बग कळत नाही, पण इंडेंटेशनला तो खोटं बोलू देत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेला तेवढं पुरतं.

जुन्या प्रकल्पात फॉरमॅटर आणताना आधी उघड्या ब्रँच शक्य तेवढ्या मर्ज करून घ्या. मग फॉरमॅटिंगचा कमिट वेगळा करा, त्यात लॉजिकचा एक शब्दही नको. नाहीतर खरा बदल हजारो ओळींत हरवतो. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) गिट ब्लेमच्या, म्हणजे कोणती ओळ कुणी बदलली हे दाखवणाऱ्या कमांडच्या, दुर्लक्ष-यादीत टाका. ही सोय गिट २.२३पासून, म्हणजे २०१९पासून आहे. ते केलं नाही, तर प्रत्येक ओळीवर फॉरमॅटर चालवणाऱ्याचंच नाव दिसतं, आणि ती ओळ मुळात कुणी, का लिहिली हे शोधणं अवघड होऊन बसतं.

फॉरमॅटरचं व्हर्जन पक्कं करा. ब्लॅकची शैली नव्या वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत बदलू शकते; दोघांकडे दोन आवृत्त्या असल्या तर एकाने केलेलं दुसरा उलटवत बसतो. सगळ्या भाषांचे फॉरमॅटर एकाच कमांडमागे ठेवा. कमिटआधीचा हुक (कमिट करण्याआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) सोयीचा आहे, पण तो वगळता येतो, म्हणून शेवटचा निकाल सीआयने (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेने) द्यावा, आणि तिथे फक्त तपासणी व्हावी, कोडमध्ये बदल नको. टूलने तयार केलेल्या फाइली आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररी यातून वगळा. त्या फॉरमॅट केल्यात, तर पुढच्या अपडेटला मूळ कोडशी तुलना करणं जड जाईल.