ब्लेडची फट आणि पसरलेला ठिपका

(दृश्य : अंधारी खोली, भिंतीवर लाल ठिपका)

इंदूर, रामबाग. रात्रीचे साडेनऊ. आज घरच्या घरी अनिश्चिततेचं तत्त्व पाहायचं : कणाची जागा जितकी नेमकी, तितका त्याचा संवेग, म्हणजे गतीचा जोर, पसरलेला. खिडकीवर गोधडी टांगली आहे, कारण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत आला की कडेचे फिकट पट्टे दिसत नाहीत. लाल लेझर पॉइंटर, ६५० नॅनोमीटर, १ मिलिवॅटच्या आतला. त्याचं बटण कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवलंय. भिंत ३ मीटरवर. भिंतीवर आलेख कागद.

(दृश्य : हात, ब्लेड, पुठ्ठा)

दाढीचं ब्लेड कागदात गुंडाळून उभं मोडायचं. वरचं तेल पुसायचं, नाहीतर ते फटीत साचतं. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापायची, तिच्यावर दोन्ही धारा समोरासमोर. मध्ये झेरॉक्सच्या कागदाची पट्टी उभी धरायची. ती साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. ब्लेडं चिकटपट्टीने बसवली की पट्टी अलगद ओढून घ्यायची. धारा समांतर राहिल्या नाहीत तर भिंतीवरच्या काळ्या रेघा पुसट होतात, आणि मोजायच्या आहेत त्या नेमक्या याच रेघा. लेझरकडची चकचकीत बाजू काळ्या मार्करने रंगवायची. परतलेला किरण डोळ्यात जायला नको.

(दृश्य : फट किरणात येते. ठिपका आडवा पसरतो. पाच सेकंद निवेदन नाही.)

मधोमधपासून पहिल्या काळ्या रेघेपर्यंत १९ ते २० मिलिमीटर.

आता कागदाऐवजी फिलर गेजची, म्हणजे फटी मोजायच्या साधनाची, ०.०५ मिलिमीटरची पाती. सियागंजातून आणलेलं हे गेज मिस्त्री इंजिनातले टॅपेट बसवताना वापरतात. फट निम्मी झाली, अंतर ३९. जागा आवळली, तसा प्रकाश फाकला.

(दृश्य : फळ्यावर खडू)

फोटॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या कणाचा, संवेग म्हणजे प्लांकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला आकडा) भागिले तरंगलांबी. काळ्या रेघेचा कोन म्हणजे तरंगलांबी भागिले फटीची रुंदी. संवेग गुणिले कोन म्हणजे आडवा संवेग; या गुणाकारात तरंगलांबी कटते. उरतं ते एवढंच : फटीची रुंदी गुणिले आडव्या संवेगाचा पसारा बरोबर प्लांकचा स्थिरांक. दशांश चिन्हापुढे ३३ शून्यं, मग ६६२६, जूल-सेकंद. पाठ्यपुस्तकातली अनिश्चिततेची किमान मर्यादा याहून लहान, स्थिरांक भागिले ४ पाय (४π). ती प्रमाण विचलनांची, म्हणजे सरासरीभोवतीच्या फैलावाच्या मापांची, आहे; भौतिकशास्त्रज्ञ केनार्ड यांनी १९२७ मध्ये सिद्ध केली.

त्याच वर्षी हे तत्त्व मांडणाऱ्या हायझेनबर्ग यांनी गॅमा किरणांच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचं उदाहरण दिलं आणि ‘मोजताना धक्का बसतो म्हणून अनिश्चितता’ हे वाक्य वर्गावर्गांत घोकलं जाऊ लागलं. ते अपुरं आहे. नुसत्या धारेला घासून फोटॉन वळत असते, तर भिंतीवर सगळीकडे फिकट उजेड पडला असता; ठरावीक जागी काळोख आला नसता. ज्याची जागा इतकी नेमकी, त्याचा आडवा संवेग मुळातच पसरलेला असतो.

‘हा तर लाटांचा खेळ, एकेकट्या कणाचा नाही’ असं कुणी म्हणेलच. १९०९ मध्ये जेफ्री टेलर यांनी काजळी धरलेल्या काचांनी प्रकाश अतिशय मंद केला आणि सुईच्या सावलीचं छायाचित्र सुमारे तीन महिने उमटू दिलं. फोटॉन जवळपास एकेकटे येत असतानाही पट्टे तितकेच स्पष्ट आले.

इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळत नाही, तोही याच मर्यादेमुळे.

(दृश्य : लेझर बदलतो. भिंत हिरवी.)

५३२ नॅनोमीटर, फट तीच. अंतर ३२ मिलिमीटर. हिरव्या फोटॉनचा संवेग मोठा, कोन लहान. आडवा पसारा तेवढाच.