गॅसला वास नसतोच मुळी

नमस्कार मंडळी. परवा बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकू सकाळपासून घरात मेलेला उंदीर शोधत होत्या, कपाट सरकवलं, माळा उपसला, आणि शेवटी निघालं काय तर सिलिंडरचं रेग्युलेटर नीट बसलेलं नव्हतं. नशीब, कुणी काडी ओढली नाही.

पण काकूंचं नाक काही फार चुकलं नाही बरं का. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं सल्फरवालं केमिकल टाकतात, आणि त्याचं धाकटं भावंड मिथाइल मरकॅप्टन खरंच कुजण्यातून तयार होतं, सडलेला कोबी म्हणा, तोंडाचा वास म्हणा, पोटातला वायू म्हणा (हसू नका), जुन्या चीजमध्ये पण असतं ते. हवेच्या अब्ज भागांत दोनचार भाग असले तरी नाकाला कळतं.

अमेरिकेत तर गिधाडं पण फसली. तिथलं टर्की गिधाड वासावरून मढं शोधतं, तर कॅलिफोर्नियात 1930 च्या दशकात गॅसची पाइपलाइन कुठे लीक झाली ते माणसं वर घिरट्या घालणारी गिधाडं बघून ओळखायची! म्हणजे आमच्या काकूंसारखंच झालं.

हा वास सक्तीचा व्हायला मात्र फार वाईट कारण लागलं. 18 मार्च 1937, टेक्सासमधलं न्यू लंडन गाव, शाळेखाली बिनवासाचा नॅचरल गॅस साठत गेला, कुणाला पत्ताच नाही, एक ठिणगी पडली आणि सुमारे 300 जीव गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर कायदे झाले.

आणि मिथाइल मरकॅप्टन फॅक्टरीत पण लागतं हो, त्यापासून मिथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) बनवतात, ते कोंबड्यांच्या खाण्यात घालतात. एवढ्या घाण वासातून कोंबडीचं पोषण, गंमतच आहे.

आता एक कामाचं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, आपल्या बडोद्यात पाइपने येतो तो हलका, तो वर छताकडे जातो. वास आला तर लाइट चालू-बंद काहीच करायचं नाही, सिलिंडर नाहीतर पाइपचा व्हॉल्व बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं. आणि नाकावर फार भरवसा ठेवू नका, थोड्या वेळाने ते थकतं, वास येईनासा होतो. काकू पण दुपारी म्हणत होत्या, "गेला वाटतं उंदीर," आणि गॅस तेव्हा सुरूच होता.