उंदरांनी लोखंड खाल्लं, वांदरांनी नारळ नेले

(कोकणातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मघाशी फाटकातच एका काकांनी मला विचारलं, "आज म्हणे चोरीच्या गोष्टी? मग बाहेर चपलांकडे कोण बघणार?" व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांवर भरवसा ठेवून सुरुवात करतो.

काल संध्याकाळी हर्णै बंदरावर गेलो होतो. लिलाव रंगात आला होता. होड्यांवरून टोपल्या उतरत होत्या, ओल्या वाळूत मासळीचे ढीग लागत होते. एका बाईंच्या टोपलीतून घारीने झडप घालून बांगडा उचलला, आमच्या डोळ्यांदेखत. बाई एकदा ओरडल्या, मग हसल्या आणि टोपलीवर फडकं ओढून कामाला लागल्या. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक ठरल्या भावात दहा रुपये कमी देऊन चालायला लागलं. बाई उठल्या. त्याच्यामागे पार होड्यांपर्यंत गेल्या आणि सगळं बंदर थांबून बघेल असा आवाज लावून दहा रुपये घेऊन आल्या. मी म्हटलं, "मावशी, बांगड्याचे जास्त झाले असते." तर म्हणाल्या, "घारीचं काय, ती घारच हाय. ह्यो मला ताई बोलला होता."

प्राण्यांच्या जुन्या नीतिकथा मी या मावशींच्या बाजूला बसून वाचतो. पंचतंत्रातला उघडउघड चोर पुष्कळदा विनोदी पात्र असतो. एका ब्राह्मणाची वासरं चोरायला चोर येतो आणि खुद्द ब्राह्मणाला खायला राक्षस येतो. आधी कोणी हात मारायचा यावरून दोघांत एवढी जुंपते की ब्राह्मण जागा होतो आणि वाचतो. चोरावर त्या कथाकाराचा राग नाही. राग आहे तो ताई म्हणून दहा रुपये कापणाऱ्यावर.

लोखंडाच्या तराजूची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एक वाणी कफल्लक होतो आणि परदेशी जायला निघतो. घरात वाडवडिलांची लोखंडी तुळा तेवढी उरलेली. ती तो एका शेठजीकडे ठेव म्हणून ठेवतो. परत आल्यावर मागायला जातो तर शेठजी म्हणतो, उंदरांनी खाल्ली. वाणी भांडत नाही. "असेल बुवा, जगात टिकाऊ काय आहे," असं म्हणून आंघोळीला जाताना शेठजीच्या पोराला सोबत नेतो, नदीकाठच्या गुहेत बसवतो, तोंडाशी धोंडा लावतो आणि परत येऊन सांगतो की पोराला ससाण्याने उचललं. प्रकरण न्यायाधीशांपुढे जातं. तिथे वाणी म्हणतो, जिथे लोखंडाची तुळा उंदीर खातात, तिथे ससाण्याने पोर नेलं तर नवल कसलं? हीच गोष्ट जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, 218 क्रमांकाच्या कूटवाणिज जातकात आहे. तिथे तुळेऐवजी 500 नांगरांचे फाळ आहेत आणि शहरातल्या व्यापाऱ्याने फाळ विकून त्या जागी उंदराच्या लेंड्या पसरून ठेवल्या आहेत. पुरावा म्हणून! त्या लेंड्या मला फार आवडतात. खोटं बोलणाऱ्याला तपशिलाची हौस असते.

या गोष्टीचं कोकणी रूप मी आमच्या घरात पाहिलं आहे. आमचे एक मामा मुंबईला गिरणीत होते. घराची किल्ली आणि बागेची राखण शेजाऱ्यांकडे. तुमच्यापैकी निम्म्या घरांची हीच व्यवस्था असेल, नाहीतर गणपतीला उघडल्यावर ती घरं राहण्यासारखी सापडली नसती. एके वर्षी मामा मे महिन्यात आले, तर अठरा माडांवर आणि पडवीत कुठेच नारळ दिसत नव्हते. शेजारी म्हणाले, "काय सांगू अण्णा, यंदा वांदरांनी काय ठेवलानी नाय."

आता हे अगदीच अशक्य नाही. माकडांनी कोकणातल्या बागायतदाराला रडकुंडीला आणलंय हे मी तुम्हाला काय सांगायचं! लोखंड खाणाऱ्या उंदरापेक्षा नारळ नेणारं वांदर कितीतरी पटण्यासारखं आहे. मामा काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि बागेत जाऊन माडांच्या बुंध्याशी पातेरा पायाने बाजूला करत फिरले. मी त्यांच्या मागे होतो, वय असेल आठ-नऊ. माकड शहाळं तोडतं, वरूनच भोक पाडून पाणी पितं, आतली मलई ओरबाडतं आणि बोंडूक खाली टाकतं. अशी खाल्लेली शहाळी आम्हाला सापडली सात. पडवीच्या मागे मात्र सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग होता, पावसाळ्यात चुलीला पुरेल एवढा. मामा परत आले आणि म्हणाले, "वांदरं हुशार झाली हो यंदा. पहारीवर नारळ सोलायला शिकली." शेजाऱ्यांच्या घरातून आतल्या आत कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी नारळाचं एक पोतं आमच्या ओट्यावर आलं. त्यावर कोणीच काही बोललं नाही आणि किल्ली पुढेही त्यांच्याचकडे राहिली.

मामांनी शपथ घ्यायला लावली नाही, पंचायत बसवली नाही. उंदीर काय खातो, ससाणा किती उचलतो, माकड नारळाचं काय करतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या गोष्टींत न्याय मिळतो. आपण पोरांना सांगतो, खरं बोला. त्याआधी सोडण आणि बोंडूक यांतला फरक शिकवला पाहिजे असं माझं मत आहे. (हशा) हसू नका. खऱ्याचं रक्षण तिथून होतं.

आता देवाला मध्ये घालणारे. धर्मबुद्धी आणि पापबुद्धी हे दोघे मित्र परगावी पैसा कमावतात आणि गावाबाहेर झाडाखाली पुरतात. पापबुद्धी रात्री एकटाच जाऊन तो काढतो आणि उलट धर्मबुद्धीवरच आळ घेतो. साक्षीदार कोण? म्हणे वनदेवता. आणि शमीच्या ढोलीत आपल्या म्हाताऱ्या बापाला बसवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झाड बोलतं, "धर्मबुद्धीने चोरलं."

आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, उजवी पडली की कौल उजवा. वाडीत काही हरवलं, वाटणीवरून वाजलं, की आजही माणसं देवळात जातात, आणि "व्हय महाराजा" म्हणताना भल्याभल्यांचा आवाज कापतो. त्याची टिंगल मी करणार नाही. देवळाच्या पायरीवर चढण्याआधीच मुकाट्याने परत आलेल्या वस्तू मला माहीत आहेत. पण पंचतंत्राचा कर्ता विचारतो, झाड बोललं खरं, आत कोण बसलंय? धर्मबुद्धी झाडाभोवती गवत-काटक्या रचतो आणि पेटवतो. अर्धवट भाजलेला म्हातारा ओरडत बाहेर येतो, सगळं सांगतो आणि मरतो.

लहानपणी मला पापबुद्धीला शिक्षा झाली याचा आनंद व्हायचा. आता त्या म्हाताऱ्याचंच वाटतं. कारण ढोलीत बसण्याआधी त्याने पोराला समजावलेलं असतं, आणि तेही गोष्ट सांगून! साप पिल्लं खातो म्हणून बगळ्याने मुंगसाच्या बिळापासून सापाच्या बिळापर्यंत मासे टाकले. मुंगसाने साप मारला आणि मग बगळ्यांनाही खाल्लं. उपाय करताना अपायही बघावा, असं सांगणारा हा बाप. गोष्ट तोंडपाठ, तरी ढोलीत जाऊन बसतो. नीतिकथांनी माणूस सुधारतो असं मला कोणी ऐकवलं की मी या बापाचं नाव काढतो.

न्याय करणाऱ्यांबद्दल फार बोलत नाही, वेळ कमी आहे आणि समोर एक वकीलसाहेब बसलेत. एका ढोलीवरून तित्तिर आणि ससा भांडतात. तित्तिर भाताच्या शेतावर चरायला गेलेला, म्हणजे चाकरमानीच म्हणा, आणि मागे ससा घरात घुसलेला. दोघे नदीकाठच्या तपस्वी मांजराकडे जातात. मांजर म्हणतं, "वय झालं, ऐकू येत नाही, जवळ या." पुढचं तुम्हाला माहीत आहे. ढोल अजून रिकामीच असेल. दोन बोके, लोणी आणि माकड ही त्याचीच लहान बहीण.

मघाशी चिठ्ठी आली आहे: "शेवटी वाइटाचं वाईटच होतं ना?" नाही हो. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात दमनक कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. बैल मरतो, सिंह रडतो आणि दमनक मंत्री म्हणून सुखाने राहतो. हा ग्रंथ सहाव्या शतकात इराणात गेला, तिथला राजवैद्य बुर्झोय याने तो पहलवीत, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचं अरबी केलं. दमनक आणि त्याचा जोडीदार करटक तिथे दिमना आणि कलीला झाले. तिथे एक नवीनच प्रकरण आलं: दिमनावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. मूळ शेवट पचला नसणार. त्या जादा प्रकरणाबद्दल मला आदर आहे, पण दमनकाला मोकळा सोडणाऱ्या आपल्या माणसाने जग जास्त पाहिलं होतं असं वाटतं.

आता समुद्राकडे येतो, कारण पंचतंत्रातला सर्वांत मोठा चोर समुद्र आहे. टिटवी म्हणते, अंडी घालायला दुसरी जागा बघू, इथे भरती येते. नर फुशारकी मारतो, माझी अंडी न्यायची समुद्राची काय छाती आहे! समुद्र ते ऐकतो. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारा हा पक्षी काय करतो ते बघू, म्हणून अंडी नेतो. त्याला अंड्यांची गरज नव्हती. निव्वळ गंमत म्हणून नेली. सड्यावर खड्यांमध्ये घातलेली टिटवीची ठिपक्यांची अंडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळेल, ती पायाशी असून दिसत नाहीत. एवढीशी चीज, आणि तिच्यासाठी सगळे पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूपुढे चाकरीला जायचं नाकारतो, विष्णू अग्निबाण लावतो आणि समुद्र अंडी आणून देतो. याला गाऱ्हाणं नाही तर काय म्हणायचं? चाकराने संप केल्याशिवाय धन्याने ऐकलं नाही, हेही नोंदवून ठेवा. याच गोष्टीत टिटवी नवऱ्याला दोन हंसांनी काठीवरून नेलेल्या बडबड्या कासवाची गोष्ट सांगते. ऐकत नाही तो.

कासवावरून वेळास. बाणकोटच्या खाडीजवळचं, नाना फडणविसांचं मूळ गाव. साडेतीन शहाण्यांतला अर्धा तिथला. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण हिवाळ्यात रात्री वर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पूर्वी ती अंडी कुत्री उकरत, कोल्हे उकरत आणि माणसंही उकरत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो, तुमच्यापैकी काही जण जाऊन आला असाल.

मी एकदा तिथल्या राखणदाराबरोबर पहाटे फिरलो. त्याने वाळूतला माग काढला, गुडघे टेकले, हाताने हळूहळू वाळू काढली आणि एकेक अंडं बादलीत ठेवायला लागला. मी बाजूला बॅटरी धरून उभा. पंधरा पावलांवरून कोणी पाहिलं असतं तर आम्ही चोरच. तोच खड्डा, तेच हात, तीच वेळ. मग कुंपणाच्या आत तेवढाच खोल खड्डा करून अंडी पुरली आणि तारखेची पाटी लावली. साधारण दीड-दोन महिन्यांनी तिथे टोपली पालथी घालायची, सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची, पिल्लं वर आली की पाण्याच्या अलीकडे सोडायची.

त्याच्याकडे एक वही होती. किती अंडी ठेवली, किती पिल्लं गेली. पिल्लं गेल्यावरही तो घरटं उकरत होता आणि फुटकी टरफलं, न उबलेली अंडी वेगवेगळी मांडून मोजत होता. एका ठिकाणी आकडा एकाने चुकला, तर सगळी टरफलं पुन्हा मोजली. मी चेष्टेने म्हटलं, "दादा, एवढा चोख हिशेब कोणाला दाखवायचा?"

त्याने टरफलांवरून मान वर केली नाही. "ती इचारायला आली तर?"