बोळातले न्यूट्रॉन

(दृश्य: हॉस्पिटलचं बेसमेंट, जाड दार सरकतंय)

हे दार बघा, मोटरशिवाय हलत नाही. आत कॅन्सरवर रेडिएशन देणारं लिनॅक आहे, १५ एमव्हीचं (मेगाव्होल्ट, म्हणजे एक्स-रे किती जोरदार त्याचं माप). याचं काम एक्स-रे द्यायचं, पण १० एमव्हीच्या वर गेलं की तेच एक्स-रे मशीनच्या डोक्यातल्या टंगस्टनवर, शिशावर आपटून न्यूट्रॉन उडवायला लागतात. कोणी मागितलेले नसतात, फुकटात येतात.

(दृश्य: कॅमेरा बोळातून आत जातो)

भिंती काही ठिकाणी दोन मीटरच्या वर जाड. काँक्रीटमध्ये पाणी मुरलेलं असतं आणि त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनच्याच वजनाचा, म्हणजे कॅरममध्ये सोंगटीवर सोंगटी बसावी तसं, एका धडकेत सरासरी निम्मी एनर्जी खलास. शिशावर आपटला तर नुसता उलटा फिरतो, जोर जवळपास तेवढाच.

म्हणून खरी वाट भिंतीतून नाही, या बोळातून. याला मेझ म्हणतात. शेजारच्यांचा टीव्ही जिन्यातून वळून आपल्याकडे ऐकू येतो ना, तसाच न्यूट्रॉन भिंतीवर टप्पे खात वळतो. मोघम हिशोब असा, की वळण घेतल्यावर साधारण ५ मीटर गेलं की न्यूट्रॉन दहापट कमी. म्हणजे बोळ लांब पाहिजे, आणि नेमकी तीच जागा कोणालातरी स्टोअररूमला हवी असते, असो.

(दृश्य: दाराची कड, क्लोजअप)

कडेला थर दिसतायत? पांढरं ते बोरॉन घातलेलं पॉलिथिन. पॉलिथिनमधल्या हायड्रोजनने मंद झालेला न्यूट्रॉन बोरॉन गिळतो, पण गिळताना गॅमा किरण सोडतो, मग त्यासाठी बाहेरून शिसं.

(दृश्य: दारावरचा एसी डक्ट)

आता वर बघा. खोलीचा प्लॅन एईआरबीकडून, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडून पास होतो, स्लीव्ह (भिंतीतून पाईप-केबल न्यायचं भोक) कुठे, किती तिरकी, सगळं काँक्रीट ओतायच्या आधी ठरतं. केबलची पाईप सरळ टाकली तर न्यूट्रॉनला आयता बोगदा मिळतो, म्हणून ती तिरकी, नाहीतर वळण देऊन. आणि नंतर कोणी एसीवाला येऊन "साहेब, एवढंसं कोअर कटिंग", म्हणजे काँक्रीटला भोक पाडायचं म्हणतो, तेव्हा तिथे फिजिसिस्ट, म्हणजे हॉस्पिटलचा रेडिएशन बघणारा माणूस, उभा पाहिजे म्हणजे पाहिजेच! बाहेर जास्त डोस आला तर स्टाफला कॅन्सरचा धोका वाढतो, ते वेगळं सांगायला नको.

(दृश्य: फिजिसिस्ट मॅडम मीटर उचलतात)

हा पांढरा गोळा म्हणजे न्यूट्रॉन मीटर. तोही पॉलिथिनचाच, आत डिटेक्टर. आत मशीन चालू आहे, मॅडम बाहेर स्टुलावर चढून गोळा डक्टच्या तोंडाशी धरतात, हात भरून येतात, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. थांबूया.